अर्थिंगला पाणी

खीर फाटली तेव्हा सगळ्या वस्तीनं आधी माझ्या वहिनीकडे बघितलं.

बुद्धपौर्णिमेचा दिवस होता. विहारापुढच्या मांडवात दगडांच्या चुलीवर भलं मोठं पातेलं चढलं होतं. तांदूळ विहिरीच्या पाण्यात आधीच शिजवून घेतले होते, घराघरातून आलेलं दूध त्यात ओतलं होतं, आणि वहिनी नेहमीसारखी पदर खोचून ढवळत उभी होती. खीर करायचा मान गेली कित्येक वर्षं तिचाच. बघता बघता दुधाच्या गुठळ्या झाल्या, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. आमच्या एका म्हाताऱ्या आत्यानं पळीभर तोंडात घातलं आणि थू करून टाकलं.

"अगं, साखरंच्या जागी मीठ वतलंस व्हय?"

"साखर अजून घातलीच न्हाई, आत्या," वहिनी म्हणाली. पण ऐकतंय कोण! सणाला खीर फाटली म्हणजे अपशकुन, असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. शकुन-अपशकुन आम्ही धर्म बदलला तेव्हाच मागे सोडले. पण काही बिघडलं की बाईच्याच हातून चुकलं असणार, हे मानायची पद्धत मात्र अजून बाकी आहे.

मी बऱ्याच महिन्यांनी, सकाळीच हिंजवडीहून आले होते. माझं डोकं लगेच फिरतं. हा आमच्या घरातला वारसा आहे, आईकडून सरळ माझ्याकडे आलेला. दादाला त्यातलं काहीच मिळालं नाही. उगाच वहिनीच्या नावानं खडे फोडू नका, असं मी मोठ्यानं सुनावलं आणि मांडवातल्या पिंपातून पेलाभर पाणी घेऊन तोंडाला लावलं. पहिला घोट पोटात गेला, दुसरा जाईना. घसा धरल्यावर गुळण्यांना पाणी करतात ना, तसलं पाणी होतं ते.

"हे पाणी असं कधीपासून आहे?" मी विचारलं.

रोज पाणी पिणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वहिनीच चाचरत म्हणाली, "मी भाजीत मीठ कमी टाकाया लागलीया. कवापासनं, ते मलाच ठावं न्हाई." शेजारची म्हणाली, व्हय गं, मी पण. तिसरी म्हणाली, आमटीत तर मी टाकतच नाही आताशा, लागतच नाही. साबणाला फेस येत नाही म्हणून एकीनं साबण बदलला होता. एकीचं लेकरू पाणी प्यायला कुरकुर करायचं, म्हणून तिनं त्याला धपाटे घातले होते. प्रत्येक घरानं आपापल्यापुरतं निभावून नेलं होतं आणि कुणीच कुणाला बोललं नव्हतं. माणसाची जीभ इतक्या मुकाट्यानं कशालाही सरावते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या विहिरीबद्दल सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. पौड रस्त्याला भरे गाव ओलांडून पुढं आलं की उतारावर आमची वस्ती लागते. वर रस्ता, रस्त्याला लागून आमच्या घराच्या वाटणीची जमिनीची चिंचोळी पट्टी, तिच्या खाली विहीर आणि विहिरीच्या खाली घरं. मूळ गाव पलीकडच्या टेकाडावर. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाय ठेवू देत नव्हते, म्हणून आजोबांच्या पिढीनं ही विहीर खणली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि उरलेल्या वेळात हिचा मुरूम उपसायचा. खाली कातळ लागला, तो घण-पहारीनं फोडला. बायांनी पाट्या वाहिल्या. पाणी लागलं ते असं गोड, की गावातले लोकसुद्धा चोरून कौतुक करायचे.

आई या वस्तीत लग्न होऊन आली ती या विहिरीमुळे. "मला नवरा बघून न्हाई दिलं, हीर बघून दिलं," असं ती वडिलांच्या तोंडावर म्हणायची आणि वडील हसायचे. वडील गेले, तरी तिचं ते म्हणणं काही गेलं नाही. दर जयंतीच्या आधी सगळी वस्ती विहिरीतला गाळ काढते. आई काठावर उभी राहून तरण्या पोरांना असल्या शिव्या घालते, की खाली उतरलेली पोरं गाळाबरोबर त्यापण बादलीत भरून वर पाठवतात. मध्यंतरी नळाची योजना आली. पाइप आले, तोट्या आल्या, फक्त पाणी यायचं राहिलं. विहीर होती म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

तर त्या जमिनीच्या पट्टीवर आता चार्जिंग स्टेशन आहे. विजेवरच्या गाड्यांचं. हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅबचे बरेच ड्रायव्हर आमच्याच पट्ट्यातले, त्यांना घरी येता-जाता गाडी चार्ज करायला जागा हवी होती. शनिवार-रविवार धरणाकडे जाणारी पुण्याची मंडळी असतातच. एका कंपनीनं दादाला विचारलं आणि त्यानं जागा भाड्यानं दिली. स्वतंत्र डीपी बसला, दोन मशिनं उभी राहिली, वर पत्र्याची शेड आली. आईनं तर त्या स्टेशनचा ताबाच घेतला. झाडलोट तिची, चार्जिंगची कुठली गन कुठल्या गाडीला लावायची हे सांगणं तिचं, आणि कुणी थुंकलं तर त्याची आई-बहीण काढणंही तिचंच.

मी एकदा तिला विचारलं होतं, तुला एवढं काय वाटतं गं त्या मशिनचं? ती शेडमधल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. समोर गावातल्या बड्या घरची एक मोठी गाडी आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. आई हळूच मला म्हणाली, "ह्यांच्या आज्यानं आमाला पाणी दिलं न्हाई. आन आमी ह्यांच्या गाडीला लाइट देतोय." आणि अशी काही हसली, की गाडीतल्या माणसालाही उगाच हसू आलं.

मी स्वतः विजेवरची गाडी घेतली तेव्हा मला कोण अभिमान! आमच्या ऑफिसात लिफ्टपासून कॅन्टीनपर्यंत पृथ्वी वाचवायच्या पाट्या लावलेल्या आहेत. धूर नाही, आवाज नाही, म्हणजे पाप नाही, असा माझा साधा हिशेब होता. आणि ती गाडी माझ्या आईच्या स्टेशनवर चार्ज व्हायची, म्हणजे तर दुधात साखर.

पौर्णिमेची ती खीर शेवटी खड्डा खणून पुरली. संध्याकाळी विहारात सगळे बसले. विहीर कुणी खराब केली यावर फार चर्चा झालीच नाही, कारण संशयित ठरलेला होता. आसपास कारखाने आहेत, त्यांचे टँकर कुठं रिकामे होतात हे कुणाला ठाऊक नसतं, आणि आमच्याकडे मासे मेले, पीक करपलं, अंगाला खाज आली, की बोट तिकडेच जातं. बऱ्याच वेळा ते बरोबरही असतं. मीही तिकडेच बोट दाखवलं, आणि मी शिकलेली म्हणून माझं बोट सगळ्यांना जास्त खरं वाटलं. आई तर पेटून उठली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पौडला तहसील कचेरीत गेलो. माझ्या गाडीत आई, दादा, वहिनी आणि आत्या. बाकीचे मिळेल त्या गाडीनं. आईनं विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं. साहेब मीटिंगमध्ये होते. ते येईपर्यंत तिनं बाटली मांडीवरून खाली ठेवली नाही. साहेब आले, शांतपणे ऐकून घेतलं, नमुना घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले. एवढ्यावर निघायला हरकत नव्हती. पण आईनं बाटली त्यांच्या टेबलावर आदळली.

"साहेब, आमच्या म्हाताऱ्यांनी नखानं कातळ उकरून काढल्याली हीर हाय ती. कुणी नासवली त्येला हुडका. न्हाईतर मी हुडकीन. आन घावला ना, हेच पाणी वतीन त्येच्या नरड्यात."

साहेब बाटलीकडे बघत राहिले. दादानं आईचा दंड धरून तिला बाहेर आणलं. मला मात्र तिचा असा अभिमान वाटला, की येताना गाडीत मी तिला दोनदा तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोन्ही वेळा तिनं आवाज चढवूनच म्हटलं.

परतताना गाडीची बॅटरी उतरली होती. उन्हामुळे एसी फुल ठेवला होता, वर माणसं भरलेली. वस्तीवर आल्यावर बाकीचे उतरून घरी गेले आणि मी गाडी तशीच स्टेशनवर घेतली. आईही माझ्याबरोबर थांबली, तिला सकाळपासून स्टेशन सोडून राहिल्याची रुखरुख होती. मी गन काढली, गाडीला लावली. मशिननं क्षणभर विचार केला आणि लाल दिवा लावला. पडद्यावर ग्राउंड फॉल्ट अशी अक्षरं आली. मी गन काढून परत लावली. परत लाल.

"मॅडम, थांबा जरा," मागच्या कॅबचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मावशी करतात ना. आज सकाळपासून झालं नसंल."

काय करतात, हे विचारायला मी वळले तर आई शेडच्या मागून येत होती. तिच्या हातात बादली होती. बादलीतलं पाणी गढूळ पांढरट होतं, आणि ती चालता चालता काठीनं ते ढवळत होती. मशिनच्या मागे जमिनीत पत्र्याची झाकणं आहेत, मी ती शंभरदा पाहिली असतील. आईनं एक झाकण पायानं सरकवलं. आत जमिनीत उभा गाडलेला पाइप, त्याच्या तोंडावर नरसाळं. तिनं मग्गा भरभरून त्यात पाणी ओतायला सुरुवात केली. एक झालं, मग उताराला पुढचं झाकण. मग त्याच्या खालचं.

मागच्या ड्रायव्हरलाही राहवलं नाही. त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यातून मिठाची पुडी काढली, आपल्या गाडीच्या बॉनेटवरून ओवाळली आणि जाऊन नरसाळ्यात मोकळी केली.

"ए, ववाळू नगंस," आई त्याच्यावर खेकसली. "दिष्ट-बिष्ट काय नसतंय. सायन्स हाय हे." मग मला म्हणाली, "लाव आता."

मी गन लावली. हिरवा दिवा लागला.

शेडच्या मागे जाऊन पाहिलं, तर जाड्या मिठाच्या गोण्या एकावर एक रचलेल्या. काही रिकाम्या, नीट घडी घालून ठेवलेल्या. आई घरातली कसलीही पिशवी फेकून देत नाही.

"आई, हे रोज टाकतेस?"

"मग! रोज टाकाया लागतंय. उनाळ्यात सकाळ-संध्याकाळ. जमीन वाळली का मशीन रुसतंय." आणि मग तिनं मला समजावून सांगितलं, मी लहान असताना अक्षरं समजावून सांगायची तसं. गाडीला वीज द्यायच्या आधी मशीन बघतं, आपली तार जमिनीशी नीट बोलते का. जमीन ओली असली तर बोलते. सुकली, की मशीन जीव गेला तरी वीज सोडत नाही, माणसाला शॉक बसू नये म्हणून. आमची जमीन सगळी मुरूम आणि कातळ. पावसाळ्यात उद्घाटन झालं तेव्हा सगळं सुरळीत होतं. दिवाळी झाली आणि मशिनं एकसारखी लाल व्हायला लागली. मग कंपनीचे मिस्त्री आले. त्यांनी उतारावर अर्थिंगचे आणखी खड्डे घेतले, कोळसा-मीठ भरलं आणि आईला सांगून गेले, "माताजी, नमक-पानी डालते रहना."

अर्थिंगला मीठ-कोळसा हे काही जगावेगळं नाही. आमच्या घराचं मीटर बसलं तेव्हाही खड्ड्यात मीठ टाकलं होतं, आणि वर्षातून कधी आठवण झाली तर तिथं बादलीभर पाणी पडायचं. पण इथं खड्डेच खड्डे होते आणि सांगितलेलं काम दुप्पट करायची माझ्या आईची सवय होती. मिस्त्री म्हणाले टाकत राहा. ती टाकत राहिली. तुळशीला कधी पाणी न घातलेली माझी आई दोन उन्हाळे रोज या नरसाळ्यांना पाणी घालत होती. ड्रायव्हर लोक तिला मिठाच्या पुड्या आणून देत होते. पाहुणे आले की ती त्यांना कौतुकानं दाखवत होती. सगळी वस्ती बघत होती. मीच काय ती त्या वेळेला कधी तिथं नव्हते.

"आणि ते मीठ जातं कुठं?" मी विचारलं.

"कुटं जातंय म्हंजी? मुरतंय."

"मुरून कुठं जातं?"

"खाली जातंय, आनि कुटं..." ती म्हणाली, आणि थांबली.

झाकणांची रांग उतारानं खाली गेली होती. शेवटच्या झाकणापासून विहिरीचा कठडा इतका जवळ होता, की तिथं आमचे कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. आईनं एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा कठड्याकडे. तिच्या हातातला मग्गा अजून तिरपाच होता आणि त्यातून पाणी तिच्या पायावर पडत होतं. ते तिला कळलं नाही. मी हाक मारली तेही कळलं नाही.

तिचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

मला वाटलं ती आता माझ्यावरच ओरडेल. तिनं बादली खाली ठेवली, सावकाश उतार उतरून विहिरीवर गेली. तिथं दोरीला बांधलेली कळशी असते, ती आत सोडली, वर ओढली, आणि कळशीलाच तोंड लावून प्यायला लागली. मी धावले. तिचा घसा खालीवर होत होता. मी कळशी ओढून घेतली तर ती म्हणाली, "सोड. बोललीय मी साहेबाला." तिला ठसका लागला, पाणी नाकातून आलं, तरी तिचा हात कळशीकडेच येत होता. शेवटी मी कळशी उपडी केली. तेव्हा कुठं ती खाली बसली.

विहारात तिनं स्वतःच सांगितलं. मी सांगते म्हटलं होतं, दादाही म्हणाला होता, पण तिनं ऐकलं नाही. बुद्धमूर्तीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हीर मी नासवली. मिठानं. कारखान्याचं काय न्हाई त्यात." मला भीती होती लोक तिला फाडून खातील. पण आत्या म्हणाली, "आमी बी बगत व्हतोच की रोज." आणि ती रडायला लागली. मग वहिनी. आई मात्र कोरडी उभी. मी पहिल्यांदाच बुद्धासमोर बसून मनात शिव्या देत होते, आणि नेमक्या कुणाला द्याव्यात ते मला कळत नव्हतं. त्या मिस्त्रींना? ते तर सगळीकडे हेच सांगत फिरत असतील. मशिनला? ते बिचारं माणसाला शॉक बसू नये म्हणून लाल होत होतं. माझ्या गाडीला मी धूर नसलेली म्हणून मिरवत होते. धूर असता तर निदान दिसला असता.

दादानं त्याच दिवशी स्टेशन बंद केलं. ड्रायव्हर लोकांनी कटकट केली, कंपनीचे फोन आले. मग त्यांचा एक माणूस आला, खड्डे पाहिले, म्हणाला आता मीठ वापरतच नाही कुणी, वेगळी पावडर येते, ती टाकू. तिच्यात काय असतं, मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. मी त्याला चहा न विचारता परत पाठवलं, आणि आमच्या वस्तीत असं आजवर कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

विहिरीवर मोटार लावून सगळं पाणी उपसून टाकलं. नवीन पाझर आला, तो चाखला, तोही खारा. पुन्हा उपसलं, पुन्हा तेच. मीठ आता पाण्यात नव्हतं, मुरमात होतं, आजोबांनी उपसलेल्या त्या मुरमाच्या बाजूच्या मुरमात. खड्ड्यांतलं मीठ-कोळसा जेवढं निघालं तेवढं काढलं. पाऊस धुऊन नेईल, असं सगळे म्हणत होते. किती पावसाळे, हे कुणी सांगत नव्हतं. पंचायतीचा टँकर एकदा आला, मग त्याचं टायर फुटलं, मग चालक लग्नाला गेला.

घरात प्यायला पाणी नव्हतं. हिंजवडीहून मी गाडीत जार भरून आणायचे ते एका घरालाही पुरत नव्हते. आणि ज्या गाडीतून आणायचे, तिच्याकडे आई बघायची नाही.

"गावात जाऊन आणूया," एका सकाळी वहिनी म्हणाली. म्हणायला तिला बरेच दिवस लागले होते. गावच्या विहिरीला आता चौथरा बांधलाय, वर टाकी आणि नळ बसवलेत, तिथं कुणी कुणाला अडवत नाही. आमची शाळेतली मुलं तिथं जाता-येता पाणी पितात. आमच्या बायकांना मात्र कधी जावंच लागलं नव्हतं. आई उठली, हंडा घेतला, चुंबळ घेतली. मी आणि वहिनी मागोमाग निघालो.

चौथऱ्यावर चार-पाच जणी भरत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हंडे बाजूला सरकवले, जागा केली. त्यांना सगळं कळलेलं होतं. वहिनी पायऱ्या चढून वर गेली. मीही चढले. वर जाऊन मागे बघितलं तर आई नव्हती.

ती खाली, पायऱ्यांपासून चांगली लांब, मातीत बसली होती. हंडा पुढं ठेवला होता आणि त्याच्या मागे ती उकिडवी, मान खाली घालून. तहसीलदाराच्या टेबलावर बाटली आदळणारी माझी आई.

"मावशी, वर या की," एक तरुण सून म्हणाली. "तितं कशापायी बसलाय?"

"वर कोन येऊ देतंय बाय," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "माज्या माहेरी आमी असंच बसायचो. दिस डोक्यावर यायचा. कुनाला दया आली तर वतायची." मग म्हणाली, "तुजं झालं का दे वतून."

हे ती मला कधी म्हणजे कधीच बोलली नव्हती. विहीर बघून दिलं, विहीर बघून दिलं, म्हणून हसायची तेवढंच. ती सून गडबडली. काय करावं तिला कळेना, मग ती आपली भरलेली घागर कमरेवर घेऊन पायऱ्या उतरली, आईजवळ गेली आणि खाली वाकून हंड्यात पाणी ओतायला लागली.

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बसल्या जागी मागे सरकली, त्या मुलीला आपला स्पर्श होऊ नये म्हणून.